टपाल-नोंदींतील आकृतिबंध-शोध

ई-मेलची ने-आण करणारा सर्व्हर आपल्या प्रत्येक कृतीची एकेक ओळ एका फायलीत लिहीत जातो. ह्या फायलीस नोंदपट किंवा लॉग असे म्हणतात. एखादे पत्र केव्हा आले, कोणाच्या पत्त्यावरून आले, पुढे कोणत्या संगणकाकडे गेले व त्याने ते स्वीकारले की नाकारले, ह्या प्रश्नांची उत्तरे बहुधा नोंदपटातच सापडतात. मोठ्या संस्थेच्या सर्व्हरवर एका दिवसात अशा लाखो ओळी जमू शकतात आणि त्या डोळ्यांनी वाचून काढणे अशक्य असते. म्हणून हव्या त्या ओळीचे रूप काही ठराविक चिन्हांच्या साहाय्याने वर्णन करावयाचे आणि त्या वर्णनाशी जुळणाऱ्या ओळी संगणकाकडूनच वेचून घ्यावयाच्या, अशी पद्धत रूढ झाली. असे वर्णन म्हणजे आकृतिबंध होय. तो वापरून शोध घेणाऱ्या छोट्या आज्ञावलीस स्क्रिप्ट म्हणतात. ह्या साधनाचा उगम टपालाच्या गरजेतून झालेला नाही. ते मेंदूविषयीच्या एका गणिती प्रश्नातून निर्माण झाले, पुढे मजकुराच्या संपादनासाठी वापरात आले आणि नंतर टपालाच्या नोंदींकडे वळले. त्याचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा ह्या दोहोंचे मूळ ह्याच इतिहासात आहे.

गणिती पूर्वपीठिका : वॉरन मकलक व वॉल्टर पिट्स ह्यांनी १९४३ मध्ये तंत्रिका-कोशिकांचे एक गणिती प्रतिमान मांडले. त्यात कोशिका कोणत्याही क्षणी एक तर उद्दीपित असते किंवा नसते. तिसरी अवस्था नाही. अशा कोशिकांचे सांत म्हणजे मर्यादित जाल बाहेरून येणाऱ्या संकेतांचे कोणकोणते क्रम ओळखू शकेल, हा प्रश्न अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीव्हन कोल क्लेनी (१९०९–९४) ह्यांनी १९५१ साली रँड कॉर्पोरेशनसाठी लिहिलेल्या एका टिपणात हाताळला. १९५६ मध्ये क्लॉड शॅनन व जॉन मकार्थी ह्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात ते प्रसिद्ध झाले. क्लेनी ह्यांचे उत्तर अत्यंत नेटके होते. एकापुढे एक येणे, दोहोंपैकी एक असणे आणि शून्य किंवा अधिक वेळा पुनरावृत्त होणे, ह्या तीनच क्रियांनी ज्यांचे वर्णन करता येते, नेमके तेच क्रम असे जाल ओळखू शकते. अशा क्रमांना त्यांनी ‘नियमित’ हे विशेषण लावले. हे नाव त्यांना स्वतःला फारसे समाधानकारक वाटत नव्हते. अधिक अर्थवाही शब्द कोणी सुचविल्यास तो स्वागतार्ह ठरेल, असे त्यांनी त्याच लेखात नमूद केले आहे. तसा शब्द पुढे आला नाही व ‘नियमित पदावली’ ही संज्ञा रूढ झाली.

पुनरावृत्तीसाठी क्लेनी ह्यांनी तारकाचिन्ह योजले. ‘कम*ल’ ह्या पदावलीत तारका तिच्या लगेच आधीच्या ‘म’ ह्या अक्षराला लागू होते. त्यामुळे ‘कल’, ‘कमल’, ‘कममल’ हे सर्व क्रम तिच्याशी जुळतात. ‘कवल’ जुळत नाही. सात दशकांनंतरही नोंदपट धुंडाळणारा तंत्रज्ञ हेच चिन्ह ह्याच अर्थाने वापरतो. गणितातील एखादी खूण इतक्या अल्प बदलानिशी कचेरीतील दैनंदिन कामात उतरल्याची उदाहरणे थोडी आहेत.

मायकेल रॅबिन व डेना स्कॉट ह्यांनी १९५९ मध्ये एकाच वेळी अनेक अवस्थांत असू शकणाऱ्या, म्हणजे अनिर्धारित, सांत स्वयंचल यंत्राची कल्पना मांडली. अशा यंत्राला जे ओळखता येते, ते एका वेळी एकाच अवस्थेत असणाऱ्या यंत्रालाही ओळखता येते, असे त्यांनी सिद्ध केले. मात्र साध्या यंत्रास त्यासाठी लागणाऱ्या अवस्थांची संख्या प्रचंड वाढू शकते. ह्या कार्यासाठी दोघांना १९७६ चे ट्यूरिंग पारितोषिक देण्यात आले.

संपादकापासून ग्रेपपर्यंत : नियमित पदावलीस उपयोजनात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने बेल टेलिफोन लॅबोरेटरीज ह्या संस्थेतील केन टॉम्सन ह्यांना दिले जाते. क्यूईडी हा मजकूर-संपादक मुळात बर्कली येथे बटलर लॅम्पसन व पीटर डॉइच ह्यांनी तयार केला होता. टॉम्सन ह्यांनी तो दुसऱ्या संगणकासाठी नव्याने लिहिताना त्यात नियमित पदावलीने शोध घेण्याची सोय केली. जून १९६८ मध्ये त्यांनी आपली रीत एका छोट्या निबंधात प्रसिद्ध केली. दिलेल्या पदावलीवरून आयबीएम ७०९४ ह्या संगणकाच्या यंत्रभाषेतील आज्ञा तयार करावयाच्या व त्या मजकुरावर चालवावयाच्या, अशी ती रीत होती. तिचे मर्म असे की, मजकुराचे एकेक अक्षर वाचताना जुळणीच्या सर्व शक्यता एकाच वेळी पुढे न्यावयाच्या. त्यामुळे मजकूर दुसऱ्यांदा वाचण्याची गरज पडत नाही आणि कितीही प्रतिकूल मजकूर आला, तरी लागणारा वेळ त्याच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. निबंधाचे हे वैशिष्ट्य पुढे बरीच वर्षे दुर्लक्षित राहिले. त्याची किंमत काय मोजावी लागली, हे पुढे दिले आहे.

युनिक्स ह्या परिचालन प्रणालीचे काम १९६९ मध्ये सुरू झाले. तिच्या ‘एड’ ह्या संपादकात टॉम्सन ह्यांनी नियमित पदावलीचे एक सोपे रूप ठेवले. एडमध्ये संपूर्ण मजकुरात एखादी पदावली शोधून जुळणाऱ्या ओळी छापण्याची आज्ञा ‘जी/आरई/पी’ अशी लिहीत. ‘जी’ म्हणजे सर्वत्र, ‘आरई’ म्हणजे नियमित पदावली व ‘पी’ म्हणजे छाप. ‘ग्रेप’ हे नाव ह्याच आज्ञेवरून पडले. ब्रायन कर्निहन ह्यांनी सांगितलेल्या हकिगतीनुसार, ली मकमहन हे त्यांचे सहकारी ‘फेडरलिस्ट पेपर्स’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ८५ निबंधांचा अभ्यास करीत होते. १७८७–८८ ह्या काळातील हे निबंध हॅमिल्टन, मॅडिसन व जे ह्या तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिले असून त्यांपैकी काहींचे कर्तृत्व वादग्रस्त होते. त्या वेळच्या संगणकाच्या तुटपुंज्या स्मृतीमुळे इतका मजकूर एडमध्ये मावत नसे. तेव्हा टॉम्सन ह्यांनी संपादकातील शोधाचा भाग वेगळा काढला व त्याची स्वतंत्र आज्ञावली केली. ती फाईल स्मृतीत साठवीत नसे. एक ओळ वाची, जुळल्यास छापी व पुढे जाई. १९७३ च्या युनिक्स पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत ग्रेपचा समावेश झालेला आढळतो.

फाईल कितीही मोठी असली, तरी एका वेळी एकच ओळ पाहावयाची, हा गुण वाङ्मयीन संशोधनाच्या एका अडचणीतून ग्रेपमध्ये आला. सर्व्हरचे नोंदपट हे नेमके असेच, अखंड वाढत जाणारे व ओळींत विभागलेले असल्यामुळे ग्रेप त्यांना जणू त्यांच्यासाठीच घडविल्याप्रमाणे लागू पडले. डग्लस मॅकिलरॉय ह्यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्येच युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय झाली. तिच्यामुळे एका आज्ञावलीचे उत्पादन दुसरीस थेट पुरविता येऊ लागले व निरनिराळे शोध साखळीसारखे जोडणे शक्य झाले.

आल्फ्रेड एहो ह्यांनी १९७५ च्या सुमारास ‘ईग्रेप’ लिहून पर्यायचिन्हासह संपूर्ण नियमित पदावली उपलब्ध करून दिली. एहो, पीटर वाइनबर्गर व कर्निहन ह्या तिघांनी १९७७ मध्ये ‘ऑक’ ही भाषा तयार केली. तिचे नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले आहे. ऑकमधील आज्ञावली म्हणजे ‘आकृतिबंध व त्यावरील कृती’ अशा जोड्यांची यादी असते. ऑकने शोधात मोलाची भर घातली ती दोन गोष्टींची : ओळीचे स्तंभांत विभाजन आणि शब्दाच्या अनुरोधाने माहिती साठविणारी सारणी. ग्रेपला मागील ओळ आठवत नाही, ऑकला आठवते. टपालाच्या नोंदींत हा फरक निर्णायक ठरला.

टपाल व सिसलॉग : एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठविण्याचा पहिला प्रयोग रे टॉमलिन्सन (१९४१–२०१६) ह्यांनी १९७१ मध्ये आर्पानेट ह्या जालावर केला. वापरणाऱ्याचे नाव व संगणकाचे नाव वेगळे दाखविण्यासाठी @ हे चिन्ह त्यांनीच निवडले. ई-मेलच्या ने-आणीचे ‘एसएमटीपी’ हे नियम जोनाथन पोस्टेल (१९४३–९८) ह्यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लेखनिविष्ट केले. त्यांत प्रत्येक उत्तराला तीन अंकी संकेतांक असतो. पहिला अंक २ असल्यास स्वीकार, ४ असल्यास तात्पुरता नकार व ५ असल्यास कायमचा नकार समजावयाचा. नोंदपटात हे अंक जसेच्या तसे उतरतात, त्यामुळे ते आकृतिबंधाचे सोयीचे आधारस्थान ठरतात.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या सुमारास एकमेकांशी न जुळणारी अनेक जाले होती. एका जालावरील पत्र दुसऱ्यावर जावे म्हणून एरिक ऑलमन ह्यांनी प्रथम ‘डिलिव्हरमेल’ व नंतर ‘सेंडमेल’ ह्या आज्ञावल्या लिहिल्या. सेंडमेल १९८३ मध्ये युनिक्सच्या ४.२ बीएसडी ह्या आवृत्तीबरोबर वितरित झाली. पत्र वाटेत कोठे अडकले, हे कळण्यासाठी ऑलमन ह्यांना नोंदी ठेवणारी एक सामाईक यंत्रणा हवी होती. सेंडमेलचे उपांग म्हणून त्यांनी ‘सिसलॉग’ लिहिली. पुढे हे उपांग मूळ आज्ञावलीपेक्षाही अधिक पसरले आणि मार्गनियंत्रक, छपाईयंत्रे, अग्निभिंती अशा सर्व प्रकारच्या साधनांच्या नोंदी सिसलॉगच्या रूपात लिहिल्या जाऊ लागल्या. तिच्या जन्माची खूण तिच्या विभाग-क्रमांकांत शिल्लक आहे : शून्य हा क्रमांक प्रणालीच्या गाभ्यास, १ हा सामान्य वापरास आणि त्यानंतरचा २ हा थेट टपालास दिलेला आहे. ह्या रूपाचे लेखी वर्णन मात्र ऑगस्ट २००१ मध्ये, म्हणजे वापर सुरू झाल्यावर बऱ्याच वर्षांनी झाले. त्यातील कालनोंदीत महिना, तारीख, तास, मिनिट व सेकंद असतात, वर्ष नसते. मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित रूपात वर्ष व कालविभाग ह्यांची भर पडली. तथापि जुने रूप त्यानंतरही मोठ्या प्रमाणावर वापरात राहिले. परिणामी अनेक वर्षांच्या साठविलेल्या फायली एकत्र धुंडाळल्यास ३ मार्च ही तारीख प्रत्येक वर्षाची म्हणून पुढे येते.

‘लॉग’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडीत व त्या मोजणीची नोंद एका वहीत करीत. तिच्यात केवळ घडले तेवढे, घडले त्या क्रमाने लिहिले जाई. सर्व्हरचा नोंदपटही असाच असतो आणि हीच वाचकाची मुख्य अडचण ठरते. सरकारी कचेरीतील आवक-जावक नोंदवहीत एका पत्रासाठी सामान्यतः एक ओळ राखलेली असते आणि पुढील मजकूर त्याच ओळीत भरला जातो. सर्व्हर मात्र लिहिलेल्या ओळीकडे पुन्हा वळत नाही. एकाच वेळी शेकडो पत्रे हाताळताना तो प्रत्येकाची जी घटना घडेल ती पुढील ओळीत लिहितो. त्यामुळे एका पत्राच्या चार-पाच ओळी इतर पत्रांच्या ओळींत विखुरल्या जातात. प्रेषकाचा पत्ता एका ओळीत, तर प्राप्तकर्त्याचा पत्ता व पोहोच दुसऱ्याच ओळीत असते. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे सर्व्हरने त्या पत्राला दिलेला रांग-क्रमांक होय.

शोधाच्या आज्ञावलीची रचना : ‘अमुक व्यक्तीने तमुक व्यक्तीस पाठविलेले पत्र पोहोचले काय ?’ हा प्रश्न वरकरणी साधा आहे. परंतु ज्या ओळीत प्रेषक आहे तिच्यात प्राप्तकर्ता नसल्यामुळे एकाच आकृतिबंधाने त्याचे उत्तर मिळत नाही. म्हणून आज्ञावली नोंदपट दोनदा वाचते. पहिल्या वाचनात प्रेषकाच्या पत्त्याशी जुळणाऱ्या ओळी निवडून त्यांतील रांग-क्रमांक सारणीत साठविले जातात. दुसऱ्या वाचनात ज्या ओळींतील रांग-क्रमांक त्या सारणीत आहे, त्या सर्व ओळी, मग त्यांत काहीही मजकूर असो, उचलल्या जातात व पत्रवार एकत्र मांडल्या जातात. फिलिप हेझल ह्यांनी केंब्रिज विद्यापीठात १९९५ मध्ये एक्झिम हा टपाल-सर्व्हर तयार केला. त्याच्याबरोबर मिळणारी ‘एक्झिग्रेप’ ही आज्ञावली हेच काम करते : एखादी ओळ जुळली की ती त्या पत्राच्या सर्वच ओळी पुढे ठेवते. एक्झिमच्या नोंदींत आगमनासाठी डावीकडे व रवानगीसाठी उजवीकडे वळलेला बाण असतो. फसलेल्या रवानगीस दोन तारका असतात. नोंदपट माणसाने व यंत्रानेही वाचावयाचा आहे, ह्याचे भान ठेवून केलेली ही योजना आहे.

व्यवहारात ह्या साध्या रचनेला काही वळसे घालावे लागतात. नोंदपट अमर्याद वाढू नये म्हणून तो ठराविक काळाने बदलला जातो व जुन्या फायली संकोचित करून ठेवल्या जातात. रात्री अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आलेल्या पत्राची पोहोच दुसऱ्या दिवसाच्या फायलीत असू शकते. पलीकडील सर्व्हर बंद असल्यास पत्र रांगेत थांबते व पुनःपुन्हा पाठविले जाते. ऑक्टोबर १९८९ च्या नियमांनुसार हे प्रयत्न किमान चार ते पाच दिवस चालू ठेवणे अपेक्षित आहे. म्हणून एका पत्राच्या ओळी पाच-सहा फायलींत विभागल्या जाणे संभवते. आजचीच फाईल पाहून ‘पत्र गेले नाही’ असा निष्कर्ष काढणे त्यामुळे धोक्याचे असते. व्हीत्सा व्हेनेमा ह्यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेल्या व १९९८ मध्ये प्रसृत झालेल्या पोस्टफिक्स ह्या सर्व्हरमध्ये मूळचे आखूड रांग-क्रमांक काही काळाने पुन्हा वापरले जात. अशा वेळी दोन अनोळखी पत्रांच्या ओळी एकत्र येऊन, कधीच न घडलेला प्रवास कागदावर उमटू शकतो. २०१२ मधील २.९ ह्या आवृत्तीत पुनरावृत्त न होणाऱ्या लांब क्रमांकांची सोय झाली. परंतु ती ऐच्छिक ठेवण्यात आली.

आकृतिबंध लिहितानाही सावधगिरी लागते. आकृतिबंधात पूर्णविरामाचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा होतो, तर संगणकाच्या पत्त्यात तो केवळ विभाजक असतो. ‘१०.१.१.१’ हा पत्ता जशाचा तसा आकृतिबंध म्हणून दिल्यास ‘१०.१.१.१२’ हा तर जुळतोच, परंतु ‘१०.१०१.१.७’ हाही जुळतो, कारण त्यातील पहिली आठ चिन्हे अटी पूर्ण करतात. विरामांपूर्वी तिरपी रेघ देऊन त्यांचा विशेष अर्थ काढून टाकणे व पत्त्याच्या दोन्ही बाजूंच्या सीमा स्पष्ट करणे, हा ह्यावर उपाय आहे. ह्याहून गंभीर बाब अशी की, नोंदपटातील बराचसा मजकूर परक्याने पुरविलेला असतो. संपर्क साधणारा संगणक स्वतःचे जे नाव सांगतो किंवा प्रेषक म्हणून जो पत्ता देतो, तो नोंदीत उतरतो. एखाद्या दुष्ट हेतूच्या व्यक्तीने त्या नावातच नोंदीसारखा दिसणारा मजकूर घातल्यास ढिला आकृतिबंध फसतो. नोंदी पाहून संशयित पत्त्यांना आपोआप अटकाव करणाऱ्या आज्ञावल्यांच्या बाबतीत असे घडले, की निरपराध संगणकावरच दार बंद होते.

पर्ल व मागे वळण्याची रीत : ऑक अपुरी पडू लागल्यामुळे लॅरी वॉल ह्यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली. अनेक फायलींतून माहिती वेचून तिचे अहवाल तयार करणे, हा तिचा मूळ उद्देश होता. टपाल-व्यवस्थापकांनी ती तत्परतेने स्वीकारली. उपरोक्त एक्झिग्रेपही पर्लमध्येच लिहिलेली आहे. हेन्री स्पेन्सर ह्यांनी मुक्तपणे उपलब्ध करून दिलेल्या आकृतिबंध-संचाचा आधार पर्लने १९८८ पासून घेतला व त्यात सातत्याने भर घातली. पर्लसारखी पदावली आपल्या सर्व्हरमध्येही असावी म्हणून हेझल ह्यांनी १९९७ मध्ये ‘पीसीआरई’ हा संच लिहिला. टपालासाठी निर्माण झालेला हा संच पुढे अपाची, पीएचपी इत्यादींमध्ये वापरला गेला. पदावली टपालाकडे संपादकातून आली होती. ती टपालाकडून इतरत्र गेली ती ह्या मार्गाने.

ह्या सर्व संचांनी टॉम्सन ह्यांची १९६८ ची रीत न स्वीकारता मागे वळण्याची रीत स्वीकारली होती. तीत एक शक्यता धरून पुढे जावयाचे व ती फसल्यास मागे येऊन दुसरी धरावयाची असते. एखाद्या अक्षरगटाचा आधी जुळलेला मजकूर पुढे पुन्हा तसाच असावा, अशा प्रकारच्या अटी ह्या रीतीने सहज हाताळता येतात, हे तिच्या लोकप्रियतेचे एक कारण. परंतु काही पदावल्यांच्या बाबतीत तपासावयाच्या शक्यता दर वाढीव अक्षरागणिक दुप्पट होतात. रस कॉक्स ह्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, अवघ्या २९ अक्षरांच्या मजकुरावर अशी एक पदावली जुळविण्यास पर्लला ६० सेकंदांहून अधिक वेळ लागतो, तर टॉम्सन ह्यांच्या रीतीने तेच काम २० मायक्रोसेकंदांत होते. ही केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाची बाब नव्हती. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर ह्या कंपनीच्या सर्व्हरवर, येणाऱ्या मागण्या तपासणाऱ्या एका नव्या नियमात अशी पदावली आल्यामुळे तिच्या सेवेवर अवलंबून असलेली संकेतस्थळे जगभर सुमारे २७ मिनिटे विस्कळित झाली. पाच दशकांपूर्वी सुटलेला प्रश्न विस्मरणामुळे पुन्हा उभा राहिला, असेच ह्याचे वर्णन करावे लागते. सर्व शक्यता एकत्र पुढे नेणारा ‘आरई२’ हा कॉक्स ह्यांचा संच २०१० मध्ये उपलब्ध झाला.

दुसरी मर्यादा मात्र कोणत्याही रीतीने दूर होण्यासारखी नाही. १९८२ च्या नियमांनी ई-मेलच्या पत्त्यात कंसातील टीप व त्या टिपेत पुन्हा कंस लिहिण्यास मुभा दिली. असे एकात एक कंस कितीही खोल जाऊ शकतात. त्यांची मोजदाद ठेवणे सांत यंत्रास शक्य नसते, हे क्लेनी ह्यांच्या सिद्धांतावरूनच निष्पन्न होते. जेफ्री फ्रीडल ह्यांनी आपल्या १९९७ च्या पुस्तकात पत्ता ओळखणारी पदावली रचून दाखविली. ती हजारो चिन्हांची झाली, तरीही कंसांची खोली तिच्यात मर्यादित धरावी लागली.

देवनागरी मजकुराचा शोध : मराठीतील पत्रांच्या बाबतीत आणखी अडचणी उद्भवतात. ई-मेलचे मूळ नियम केवळ रोमन लिपीतील ७ बिटी चिन्हांचा विचार करून केलेले होते. १९९२ मध्ये इतर लिप्यांसाठी जी सोय झाली, तिच्यानुसार पत्राचा विषय रोमन अक्षरे व अंक ह्यांत संकेतबद्ध करून पाठविला जातो. पत्राच्या मथळ्यातील विषय नोंदपटात उतरविण्याची व्यवस्था केलेली असली, तरी तेथे ‘निविदा’ हा शब्द त्या रूपात सापडत नाही. आधी संकेत उलगडावा लागतो. २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘.भारत’ ह्या क्षेत्रनामाची गतही तशीच आहे. जालावर ते ‘एक्सएन’ ह्या दोन रोमन अक्षरांनी व दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रूपात वावरते व बहुधा त्याच रूपात नोंदले जाते. फेब्रुवारी २०१२ मधील सुधारित नियमांनी पत्त्यात देवनागरी अक्षरे थेट लिहिण्यास वाव दिला आहे. तथापि त्यासाठी दोन्ही टोकांच्या सर्व्हरनी ते नियम पाळणे आवश्यक असते.

उलगडलेल्या मजकुरातही ‘अक्षर’ ह्या शब्दाचा अर्थ वाचकाला व यंत्राला वेगवेगळा असतो. युनिकोडमध्ये ‘कि’ ही दोन चिन्हे आहेत व ‘क्ष’ ही तीन. यूटीएफ-८ ह्या साठवणुकीत ती अनुक्रमे ६ व ९ बाइट व्यापतात. ‘कोणतेही एक चिन्ह’ सांगणारा पूर्णविराम म्हणूनच ‘कि’च्या मध्येच थांबतो. मराठीचे वैशिष्ट्य असलेला ‘सुऱ्या’, ‘गोऱ्हे’ ह्यांतील अर्धा र तर दोन वेगळ्या प्रकारे लिहिता येतो : नुक्तायुक्त ऱ ला हलन्त जोडून किंवा साध्या र ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आकृतिबंधाला ते भिन्न वाटतात. शोध घेण्यापूर्वी दोन्ही रूपे एकाच साच्यात आणल्याशिवाय गोऱ्हे आडनावाची काही पत्रे हाती लागत नाहीत आणि ती हाती लागली नाहीत, हे शोधणाऱ्यास कळतही नाही.

पुरावा व खाजगीपणा : टपाल-नोंदींच्या शोधास भारतात वैधानिक महत्त्व आले ते माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्यामुळे. त्याच्या कलम १३ नुसार, उभय पक्षांत वेगळा करार नसल्यास, प्रेषकाच्या नियंत्रणाबाहेरील संगणक-साधनात विद्युतीय अभिलेख प्रविष्ट होतो तेव्हा तो रवाना झाला असे समजतात. प्राप्तकर्त्याने एखादे साधन निर्दिष्ट केलेले असल्यास त्यात तो प्रविष्ट होतो तेव्हा तो पोहोचला असे समजतात. निविदेची मुदत, राजीनाम्याची किंवा नोटिशीची वेळ ह्यांसंबंधीच्या वादात हा क्षण कोणता, हे बव्हंशी नोंदपटातील एका ओळीवरून ठरते. ‘२५०’ ह्या संकेतांकाने पलीकडील सर्व्हरने पत्राची जबाबदारी स्वीकारली एवढेच सिद्ध होते. पत्र वाचले गेले की नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात पडले, ह्याविषयी ती ओळ मौन बाळगते.

पत्रातील मजकूर नोंदपटात सामान्यतः नसतो. पण कोणी कोणाला, केव्हा व किती वेळा लिहिले, हे त्यात असते. रुग्ण व डॉक्टर, पक्षकार व वकील, वार्ताहर व त्याचा सूत्र ह्यांचे संबंध उघड होण्यास तेवढे पुरेसे असते आणि आकृतिबंधाचा शोध ते काही सेकंदांत उघड करू शकतो. यूरोपीय संघाने २००६ मध्ये अशा नोंदी सहा महिने ते दोन वर्षे राखून ठेवण्याचा निर्देश काढला होता. संघाच्या न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी तो खाजगी जीवनाच्या हक्कावरील प्रमाणाबाहेर आक्रमण म्हणून अवैध ठरविला. भारतात ह्याउलट ‘सर्ट-इन’ ह्या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे संगणक-प्रणालींचे नोंदपट १८० दिवस राखून ठेवणे बंधनकारक केले. घड्याळे राष्ट्रीय कालमापनाशी जुळवून घेण्याची अटही त्यातच आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ६३ नुसार विद्युतीय अभिलेखासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र द्यावे लागते. एक भाग अभिलेख सादर करणाऱ्याचा व दुसरा तज्ञाचा असतो. त्यात अभिलेखाचे हॅश-मूल्य, म्हणजे त्यातील सर्व बाइटांवरून काढलेली अंकमुद्रा, नमूद करावयाची असते. एक चिन्ह बदलले, तरी ही मुद्रा बदलते. आज्ञावलीने वेचलेल्या ओळींची मुद्रा मूळ नोंदपटाच्या मुद्रेहून अर्थातच भिन्न येते. म्हणून वेचलेल्या ओळींबरोबर मूळ फाईल, वापरलेला आकृतिबंध व आज्ञावली ही तिन्ही जतन केली, तरच तोच शोध दुसऱ्या तज्ञास पुन्हा घेऊन पाहता येतो.